पालकसभेच्या फळ्यावर एक वजाबाकी

जून 2019मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकावरून महाराष्ट्रात रान उठले. ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे संख्यावाचन बालभारतीने छापले होते. वाहिन्यांवर चर्चा झडल्या, विधानसभेत टोलेबाजी झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी कारण सांगितले: सत्तावीस म्हणताना सात आधी येतात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोनाचा अंक आधी येतो, त्यात जोडाक्षरांची भर, म्हणून लहान मुले अडखळतात. जुनी पद्धत काढून टाकलेली नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

त्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. हा बदल 2018च्या पहिलीच्या पुस्तकापासूनच सुरू झाला होता. वर्गात तो वर्षभर होता. घरोघरी पोहोचला तो बातम्यांतून, तोही वाद पेटल्यावर. पद्धत बरी की वाईट यावर शिक्षकांत दुमत असू शकते. पण पहिलीच्या पहिल्याच पालकसभेत कोणी दहा मिनिटे फळ्यावर 27 लिहून ती अडचण दाखवली असती, तर निदान त्या शाळेच्या पालकांना दूरचित्रवाणीवर विसंबावे लागले नसते.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम 24 शिक्षकांची कामे एकेक करून सांगते. वेळेवर हजर राहणे, अभ्यासक्रम पूर्ण करणे यांच्याच रांगेत एक काम आहे: पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगणे. प्रत्यक्षात सभेचा वेळ गणवेश, पोषण आहार, आधार आणि गळक्या छपरात जातो. गणिताच्या वाट्याला येते ते प्रगतिपत्रकावरचे एक अक्षर. ब-1.

ब-1 म्हणजे 71 ते 80 टक्के, एवढेच. मूल कुठे अडले आहे, ते त्यातून कळत नाही. ते ठाऊक असते शिक्षकाला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला 100पैकी 70 गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिक्षकाने वर्षभर वर्गात जे पाहिले त्याचे आहेत. वर्णनात्मक नोंद त्यासाठीच असते. तिथे ‘गणितातील प्रगती समाधानकारक’ असे लिहिले की वर्षभराचे निरीक्षण वहीतच राहते. ‘दोन अंकी बेरीज हातच्यासह करतो, वजाबाकीत दशक सुटा करताना अडतो’ ही नोंद लिहायला अर्धे मिनिट जास्त लागते, पण ती वाचून आईला मुलाशी बोलता येते.

पुणे-सातारा महामार्गावरचे किकवी आणि भोर-वेल्ह्यातली आतली गावे पाहिली की आणखी एक पेच दिसतो. रस्त्यालगतच्या गावांतून अनेकजण शिरवळच्या कारखान्यांत पाळीवर जातात; डोंगराकडे भात आणि दुभती जनावरे. दुपारची सभा म्हणजे वडील ड्यूटीवर, आई लावणीला. सभेला येते आजी. गणिताविषयी बोलायचे तर तिच्याशीच बोलावे लागते, आणि तिथेच खरी गंमत आहे.

52 वजा 27. तिसरीतले मूल पाचावर काट मारून चार लिहिते, दोनाचे बारा करते, मग वजा करते. आजी म्हणते, “हे काय रे? बारातून सात गेले, राहिले पाच. हातचा एक. दोन नि एक तीन. पाचातून तीन गेले, राहिले दोन.” उत्तर दोघांचेही 25. मूल वरच्या दशकाचे दहा सुटे करते. आजी वरच्या संख्येला दहा सुटे देते आणि खालच्या संख्येला एक दशक, म्हणून फरक तोच राहतो. तिची रीत अचूक आहे. मात्र दोन्ही रीती एकाच उदाहरणात मिसळल्या की मूल पाचाचे चार करते आणि दोनाचे तीनही, आणि उत्तर 15 येते. शिक्षकाला ती निष्काळजी चूक वाटते, घरच्यांना वाटते शाळेत धड शिकवत नाहीत. दोघांनी एकमेकांची रीत पाहिलेलीच नसते.

त्याच आजीकडे मापांचे गणितही आहे. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी एक शेर, दोन शेर एक अधोली, दोन अधोल्या एक पायली. निम्मे, पाव, अष्टमांश आणि दुपटीची सगळी साखळी त्यात हजर आहे. अपूर्णांक शिकवताना भाकरीचे चित्र काढण्यापूर्वी गावात कोणाकडे जुनी मापे शिल्लक आहेत का, हे विचारायला हरकत नाही.

पालकांना सोबत बसवण्याचे प्रयोग नवे नाहीत. बर्कलेच्या लॉरेन्स हॉल ऑफ सायन्सने 1980च्या दशकात ‘फॅमिली मॅथ’मध्ये मुले आणि पालक एकाच टेबलाशी बसवले. आपल्याकडे 2022पासूनच्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांत गणनपूर्व तयारीचा स्टॉल असतो आणि मूल काय करते ते आई स्वतः पाहते. हीच रीत तिसरी-चौथीपर्यंत का नेऊ नये? ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीतही 2005पासून मुलांची चाचणी घरी जाऊनच घेतली जाते. अंक ओळखतो, वजाबाकी येते, भागाकार येतो, या तिच्या पायऱ्या कोणालाही समजतात. नोंदींची भाषा तितकी सोपी हवी.

तेव्हा नव्या सत्रासाठी चार गोष्टी. सभेची पहिली पंधरा मिनिटे गणिताला द्यावीत आणि मुलांनाच फळ्याशी बोलवावे. नवा घटक परीक्षेनंतर नव्हे, सुरू होतानाच पालकांना दाखवावा. जे येऊ शकत नाहीत त्यांना व्हॉट्सॲपवर सूचनेऐवजी मिनिटभराचा आवाज पाठवावा, म्हणजे वाचता न येणाऱ्यांनाही तो ऐकता येईल. घरच्यांना रीत शिकवायला न सांगता “कसं केलंस ते सांग” एवढे विचारायला सांगावे. या प्रयत्नांत कोणती नोंद पालकांना कळली आणि कोणती डोक्यावरून गेली, ते शिक्षकांनी मुलांची नावे वगळून आमच्याकडे पाठवावे. पुढच्या अंकाची काही पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.