घड्याळ मोडीत घालण्याआधी

मंडळी, गेल्या महिन्यात आपल्या इंदूरच्याच एका मराठी घरातून फोन आला. "काका, बाबांचं सोन्याचं घड्याळ सराफ्यात द्यावं म्हणतो. बंदच पडलंय. किती येतील?" बँकेत सोनेतारणाचं काम वर्षानुवर्षं केलं, म्हणून लोक मला हे विचारतात. पण आधी आमच्या घरची गोष्ट सांगतो.

थोरल्या काकांचं लग्न १९६४ चं. सुवर्ण नियंत्रणाचे दिवस; १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला मनाई. तेव्हा काकांच्या सासऱ्यांनी स्वतःच्या मनगटावरचं १८ कॅरेटचं स्विस घड्याळ काढून जावयाला दिलं. पातळसं, दोनच काटे, चामड्याचा पट्टा. काका ते लग्नामुंजीत नि गणपतीत घालायचे. कचेरीत एचएमटी. म्हणजे ते वेळ बघायला नव्हतंच, तो पुरुषाचा दागिना होता.

काका गेले, वाटण्या झाल्या. पाटल्या-बांगड्या लेकीसुनांना, नि घड्याळ बंद म्हणून मोडीत. मशीन काढून वजन भरलं नऊ ग्रॅम. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के, शुद्ध सोनं पावणेसात ग्रॅम. हिशेब मीच केला, अगदी बरोबर केला. पण ते घड्याळ काकूंच्या वडिलांचं होतं, आणि त्यांना कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पाटल्या मोडल्या तर पुन्हा पाटल्या घडवता येतात. घड्याळ एकदा मोडलं की संपलं. बंद आहे म्हणता? अहो, ठुशी तरी कुठे चालते!

तेव्हा आधी नीट पाहा. मागचं झाकण जाणकाराकडून उघडून घ्या. आत ७५० किंवा १८ के असा छाप असेल तर सोनं. '२० मायक्रॉन' लिहिलं असेल तर फक्त मुलामा, मिलिमीटरचा पन्नासावा भाग. त्याला सोन्याचा भाव येत नाही, पण आठवण तेवढीच. घासून चकचकीत करू नका, छाप नि कडा झिजतात. वर्षानुवर्षं बंद असलेल्याला एकदम चावी देऊ नका. तेल वाळलेलं असतं, आधी साफ करून घ्या. घाम, पाणी, अत्तर यांपासून जपा.

आणि लॉकरमध्ये कोंडू नका, घाला. त्या काळची पुरुषांची घड्याळं आजच्या मानाने लहान. नातीच्या मनगटावर साडीबरोबर फार शोभतात. वाटणीत 'पुरुषांचं' म्हणून फक्त मुलांकडेच जावं, असं काही नाही.

फोनवरच्या मुलाला मी भाव सांगितला नाही. एवढंच विचारलं, "आईला विचारलंस का रे?"

पलीकडे जरा वेळ काहीच बोलणं नाही. मग म्हणाला, "विचारून सांगतो, काका."