चिंटूचा पुढचा मुक्काम: फैजपूर

श्री. चारुहास पंडित यांस,


हे पत्र चिंटूबद्दल आहे, पण तक्रारीचं नाही, मागणीचं आहे. चिंटूवर पुन्हा कधी चित्रपट निघाला, तर तो खानदेशात घडू द्या. आमच्या फैजपुरात घडला तर फारच उत्तम. मी इथे शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे मागणी भावनेची असली तरी तिची कारणं रेषेची आहेत. तीच सविस्तर मांडतो.

२१ नोव्हेंबर १९९१ रोजी आपण आणि प्रभाकर वाडेकरांनी ‘सकाळ’मधल्या चित्रमालिकेत चिंटूला उभं केलं. चित्रकथांमधले फँटम आणि मँड्रेक आम्हाला ठाऊक होते. पण अभ्यास टाळणारं, आईची बोलणी खाणारं, जोशीकाकूंच्या नाकी नऊ आणणारं आपल्याच गल्लीतलं पोर रोज सकाळी पेपरात भेटणं ही वेगळीच चैन होती. पप्पू, मिनी, बगळ्या, राजू ही मंडळी प्रत्येक गावात होती. आमच्याकडेही होती. फक्त त्यांची आडनावं चौधरी, पाटील, तडवी, कोळी अशी होती.

चिंटू प्रत्येक गावाचा कसा झाला, ते मला वर्गात कळतं. सहावीच्या मुलांना मी कधी कधी एक काम देतो. फळ्यावर चिंटूसारखा एक मुलगा काढतो आणि सांगतो, याच्या मागचं घर तुम्ही काढा. कोणी धाब्याचं घर काढतो आणि वर वाळत घातलेल्या मिरच्या. कोणी दारात बकरी बांधतो. एकीने केळीच्या घडांनी भरलेला ट्रक काढला होता आणि त्याच्या टपावर तो मुलगा बसवला होता. पुण्याचा वाडा अजून कोणी काढलेला नाही. चौकटीत आपण मागे एक खिडकी, एक खुर्ची, फार तर एक झाड ठेवता. बाकीची जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेत वाचणारा आपलं गाव भरतो.

चित्रपटाची अडचण नेमकी इथे आहे. कॅमेऱ्याला मोकळी जागा चालत नाही. माणसं खरी आली की मागचं दारही खरं लागतं, दारावरची पाटीही खरी लागते. मे २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी ‘चिंटू’ पडद्यावर आणला. शुभंकर अत्रे चिंटू झाला, सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे आई-पप्पा झाले, आणि वीस वर्षं सगळ्यांच्या गल्लीत राहिलेल्या चिंटूला पहिल्यांदाच ठरावीक पत्ता मिळाला. वस्ती शहरातली, बोली शहरातली. त्यात चूक काही नाही. कुठला तरी पत्ता द्यावाच लागतो.

तरीही तो चित्रपट आमच्या मुलांना आपला वाटला. मुलांची खेळायची जागा एक दादा बळकावतो आणि मुलं ती परत मिळवायला निघतात, ही गोष्ट त्याचं कारण. ती पुण्यात जितकी खरी तितकीच आमच्या यावलमध्ये. मोकळा प्लॉट दिसला की त्यावर आधी टपरी येते, मग पत्रे, मग कंपाऊंड. क्रिकेट रस्त्यावर येतं आणि रस्त्यावरून हाकललं जातं. शुभंकरचे केस चित्रातल्यासारखे उभे आहेत की नाहीत, हे कोणी पाहिलं नाही. चित्रपटाने चिंटूचा चेहरा जुळवण्यात वेळ घालवला नाही, मुलांचं दुखणं बरोबर पकडलं. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘चिंटू २: खजिन्याची चित्तरकथा’ आला आणि मुलं शहराबाहेरही पडली. पण पाहुणी म्हणून.

चेहऱ्यापेक्षा दुखणं महत्त्वाचं, हाच धडा जगात लोक फार पैसे मोजून शिकले आहेत. १९८० मध्ये रॉबर्ट ऑल्टमन यांनी चित्रकथेतला ‘पॉपाय’ पडद्यावर आणताना माल्टा बेटावर समुद्रकाठी अख्खं लाकडी गाव बांधलं. चित्रपटावर टीका भरपूर झाली. गाव मात्र अजून उभं आहे आणि लोक ते तिकीट काढून पाहतात. जॉन फाव्हरो यांनी २०१९ मध्ये ‘द लायन किंग’ इतका हुबेहूब केला की सिंह खरे दिसू लागले, आणि खरा सिंह हसत नसल्यामुळे तेही हसेनासे झाले. त्याआधी २०१६ मध्ये त्यांनीच ‘द जंगल बुक’ केला. किपलिंगचा मोगली सिवनीच्या रानातला, म्हणजे सातपुड्यातला. आमच्या उत्तरेला रोज दिसतो तोच डोंगर. ते सगळं रान लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर उगवलं. नील सेठी हा मुलगा तेवढा खरा. चित्रपट देखणा होता, मला आवडलाही. पण पाल गावाकडे जाणारा घाट चढलेल्या आमच्या पोरांना त्यात सातपुडा सापडला नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला मालेगाव. तिथल्या शेख नासिर आणि त्यांच्या मित्रांनी यंत्रमागाच्या खडखडाटात स्वतःचा सुपरमॅन उडवला. हिरो काडी पैलवान, खर्च नावापुरता, आणि गावाला लागलेलं तंबाखूचं व्यसन हा सुपरमॅनचा शत्रू. फैजा अहमद खान यांनी त्या धडपडीवर २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि तो जगभर पाहिला गेला. अमेरिकेच्या चित्रकथेतला माणूस मालेगावचा होऊ शकला, कारण त्याला मालेगावचं दुखणं दिलं होतं. मग पुण्याचा चिंटू फैजपूरचा व्हायला काय हरकत आहे?

हरकती मला ठाऊक आहेत. पहिली, की खेड्यातली मुलं अभिनय कशी करणार. ‘टिंग्या’ चित्रपटात जुन्नरकडच्या शरद गोयेकरने केला आणि राष्ट्रीय पुरस्कार नेला. दुसरी, की एका गावाची गोष्ट बाकीच्यांना कशी कळणार. ‘एलिझाबेथ एकादशी’ पंढरपूरची होती, ‘नाळ’ विदर्भातला होता. महाराष्ट्राला दोन्ही कळले. तिसरी हरकत कोणी उघड बोलत नाही: चिंटूचं घर मध्यमवर्गीय, ते गावात शोभेल का? पंडित साहेब, फैजपूर म्हणजे नुसती शेतं नव्हेत. नगरपालिका आहे, धनाजी नाना महाविद्यालय आहे, शिक्षकांच्या आणि बँकवाल्यांच्या कॉलन्या आहेत. स्कूटर पुसणारे पप्पा आणि गृहपाठावरून ओरडणारी आई इथेही आहे. फरक एवढाच, की तिच्या ओट्यावरून केळीची बाग दिसते.

आणि त्या बागेत गोष्टींना तोटा नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो तेव्हा घड उन्हाने करपू नयेत म्हणून त्यांना वाळकी पानं गुंडाळतात. त्या कामावर सुट्टीतली मुलं लुडबुडायला जातात. बागेत शिरलं की बाहेरचा जाळ एकदम ओसरतो. लपाछपीला दोन ओळींमधल्या अंधाऱ्या वाटेहून चांगली जागा मिळणार नाही. पण एखाद्या वळवाच्या वादळात अर्ध्या तासात बाग आडवी होते, आणि त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलत नाही. चिंटू पप्पूच्या घरी खेळायला बोलवायला गेला आणि दारात उभ्या असलेल्या पप्पूच्या बाबांना पाहून, त्याने न सांगता बॅट पाठीमागे लपवली, एवढा एक प्रसंग आपण तीन चौकटींत काढाल. मला आत्ताच दिसतो आहे.

एक विनंती बोलीचीही. आमची मुलं “काबर रे भो” म्हणतात. पडद्यावर बोली आली की पात्र हमखास विनोदी नोकर किंवा गावगुंड होतं. चिंटूने ती बोलावी. हिरोने. हसू त्याच्या खोडीवर यावं, बोलण्यावर नको.

मोठी गोष्ट खेड्यात आणली की काय होतं, हे या गावाने एकदा पाहिलं आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन इथे भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष पंडित नेहरू. सजावटीला गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोसांना बोलावलं. शहरातून मांडव आणला असता तर काम लवकर झालं असतं. नंदलालांनी इथल्या बांबूतून आणि गावात मिळणाऱ्या साध्या सामानातून ‘टिळकनगर’ हे अधिवेशनाचं ठिकाण उभं केलं, आणि बैलजोड्या जुंपलेला रथ सजवला. गावाचं सामान वापरलं म्हणून काम हलकं झालं नाही; आज नंदलालांच्या महत्त्वाच्या कामांत त्याची गणना होते. चित्रकाराला हे मी वेगळं सांगायला नको.

तेव्हा नेमकं मागणं असं. एक, पुढचा चिंटू निवडताना एक चाचणी यावल-रावेरच्या शाळांमध्ये घ्या. दोन, पडद्यामागची चित्रं, पाट्या, घरं रंगवायला खिरोद्याच्या सप्तपुट ललित कला भवनातली मुलं घ्या. ती इथून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तयारीची आहेत. तीन, चित्रपट झाला की पहिला खेळ इथे लावा. आमच्याकडे मराठी बालचित्रपट पोचेपर्यंत शाळा सुरू झालेल्या असतात.

चाचणीत आमचा एकही मुलगा उतरला नाही, तर तसं कळवा. मी पुन्हा पत्र लिहिणार नाही. पण न बघता पुण्यातच निवड केलीत, तर मात्र दर मे महिन्यात लिहीन.

आपला,
फैजपूरचा एक चित्रकला शिक्षक