खोगिराची घाई

परवा बचत गटाच्या हप्त्यासाठी वस्तीवर गेले आणि भांडण ऐकत बसले. भांडण शिंगरावरून!

आमच्या मोडनिंबच्या शिवारात घोडी पाळणारी घरं थोडीच. पण आषाढात वाखरीला रिंगण बघायला आम्ही सगळेच जातो, माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. या घरची वहिनी मात्र घोडीचं सगळं स्वतः करते. घोडीला अकरा महिने भरत आले तशी ती रात्र-रात्र गोठ्यात जागली. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, पुढच्या तासात आचळाला लागलं. पहिला चीक लगेच पोटात गेला पाहिजे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रोज खरारा केला, पाय उचलून धरायची सवय लावली, बांधाबांधानं हिंडवलं... आता ते पावणेदोन वर्षांचं झालंय आणि वरातीत घोडा नाचवणारं गिऱ्हाईक दारात आलंय. लग्नसराईच्या आत त्याला पाठीवर माणूस हवा.

"ताई, हाड मऊ हाय अजून त्याचं. तीन वरसं तरी खोगीर न्हाई ठेवायचं," वहिनी म्हणाली.

"बाईमाणसाला काय कळतंय घोड्यातलं?" सासरे म्हणाले. "असं गिऱ्हाईक परत येतंय का?"

हे वाक्य ओळखीचं वाटलं. शाळेतल्या मुलीचं लग्न थांबवायला जाते, तिथंही हेच ऐकते. फक्त गिऱ्हाईकाच्या जागी 'स्थळ' असतं. मुलीची आणि घोड्याची तुलना कुणाला आवडणार नाही, पण घाई एकाच जातीची, त्याला मी काय करू?

आणि बाईला घोड्यातलं कळत नाही? धनगरांचं बिऱ्हाड रस्त्यानं जाताना बघा. घोड्यावर सामान लादणारी, त्याला हाताशी धरून चालणारी बहुधा बाईच असते. हाच आपला भीमथडी घोडा. 2023-24 मध्ये तो स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंदीत आला.

तिकडे युरोपात शेतकामाच्या दणकट घोड्यांना चपळ रक्ताचा संकर देऊन 'वॉर्मब्लड' घोडे तयार केले. जर्मनीतल्या झेले गावची सरकारी पागा 1735 सालची. हे घोडे 'ड्रेसेज' खेळात उतरतात. स्वाराची खूण प्रेक्षकाला दिसत नाही आणि घोडा जागच्या जागी ताल धरतो. आपल्या वरातीतला नाचच म्हणा, पण चाबकाविना. या खेळात स्त्री-पुरुष एकाच रांगेत असतात. डेन्मार्कच्या लिझ हार्टेलचे पाय पोलिओनं अधू झालेले, घोड्यावर तिला दुसऱ्यांनी चढवावं लागे. तिनं 1952 च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बरोबरीनं उतरून रौप्यपदक घेतलं. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतानं ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चौघांत सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग या दोन मुली होत्या. घोडे अर्थात युरोपातलेच!

पण माझा मुद्दा पदकाचा नाही. लाखमोलाच्या त्या शिंगरांनाही तीन वर्षांचं झाल्याशिवाय सहसा पाठीवर स्वार देत नाहीत. सर्वांत वरच्या 'ग्रां प्री' पातळीवर आठ वर्षांखालचा घोडा चालतच नाही. कारण वहिनीनं सांगितलं तेच. पुढच्या गुडघ्याजवळचं हाड भरायला दोन-अडीच वर्षं लागतात, पाठीचे मणके तर पाच-सहा वर्षांपर्यंत वाढत असतात. लवकर ओझं पडलं की जनावर ऐन उमेदीत लंगडतं. मग त्याला कोण विचारतंय?

सासऱ्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. उसाचं बिल थकलेलं, चंदीचा खर्च रोजचा. रिकाम्या हातानं 'थांबा' म्हणणं सोपं असतं. म्हणून गटाच्या बैठकीत विषय काढला. चंदीपुरतं अंतर्गत कर्ज वहिनीच्या नावावर द्यायचं आणि शिंगरू विकलं की फेडायचं. शांत, अंगात भरलेल्या घोड्याला अकलूजच्या बाजारात भाव जास्त, हा हिशेब सासऱ्यांना पटायला हरकत नाही. विक्रीच्या पावतीवर वहिनीचंही नाव हवं, असं एक म्हातारी मध्येच बोलली. सगळ्या हसल्या, पण ठरावात ते लिहून घेतलं.

गिऱ्हाईक पुन्हा येऊन गेलं. सासरे 'बघू' म्हणाले. खोगीर तूर्त आढ्यालाच टांगलेलं आहे.