३३ टक्के म्हणजे नेमके किती? दहावीच्या आकड्यांचा ढोबळ हिशेब

बेळगाव : दहावीला पास व्हायला आता ३५ नव्हे, ३३ टक्के पुरतील. शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये हे जाहीर केलं आणि २०२५-२६ च्या परीक्षेपासून ते लागू झालं. ऐकायला सोपं आहे. पण ३३ कशाचे, हे विचारलं की गणित थोडं बदलतं.

एकूण गुण ६२५. प्रथम भाषा १२५ ची, बाकी पाच विषय शंभर-शंभरचे. सातवीतलं पोरही तोंडी काढेल असा हिशेब आहे. ३३ टक्के म्हणजे जवळपास एक तृतीयांश, तेव्हा ६२५ चे साधारण २०८. काटेकोर काढलं तर २०६.२५. मंडळाने २०६ धरले. म्हणजे खरं तर ३२.९६ टक्के झाले, पण पाव गुणासाठी कोणी भांडत नाही. जुन्या ३५ टक्क्यांनी २१९ लागायचे. सवलत तेरा गुणांची.

दुसरी अट मात्र बातम्यांच्या मथळ्यात येत नाही. प्रत्येक विषयात अंतर्गत आणि लेखी मिळून किमान ३० हवेत. आता समजा एखाद्या मुलाने पाचही विषयांत काठावरचे ३० काढले. झाले १५०. राहिले ५६, आणि ते सगळे प्रथम भाषेतून आणायचे. १२५ चे दहा टक्के साडेबारा, चाळीस टक्के पन्नास, वर पाच टक्क्यांचे सहा. म्हणजे जवळपास ४५ टक्के! मराठी माध्यमाच्या मुलाची प्रथम भाषा मराठीच असते. गणित-विज्ञानात गटांगळ्या खाणाऱ्याला मराठीच तारून नेणार आहे. तरीही ‘मराठी काय, येतंच की’ म्हणून शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडायची सवय घरोघरी आहे. ती महागात पडू शकते.

निकालाच्या टक्केवारीलाही हाच ढोबळ हिशेब लावून बघावा. २०२५ च्या पहिल्या परीक्षेचा निकाल ६६.१४ टक्के म्हणून सगळीकडे झळकला. परीक्षेला बसले ८,४२,१७३, पास झाले ५,२४,९८४. बसलेले ८.४ लाख धरा. दहा टक्के ८४ हजार, साठ टक्के ५ लाख ४ हजार. उरलेले २१ हजार म्हणजे ८४ हजारांचा पाव हिस्सा, अडीच टक्के. बेरीज साडेबासष्ट. मग ६६ आले कुठून?

आकडा खोटा नाही, त्याचा पाया वेगळा आहे. ६६.१४ हे फक्त नियमित विद्यार्थ्यांचं प्रमाण : ७,९०,८९० पैकी ५,२३,०७५. पुन्हा बसलेले आणि खासगी धरून सुमारे ५१ हजार त्यात नाहीत. त्यांच्यातले पास दोन हजारांच्या आतच, म्हणजे शंभरात चारही नाहीत. सगळे धरले तर निकाल ६२.३४. एकदा नापास झालेल्या पोराचं पुढे काय होतं, हे या चार टक्क्यांत दिसतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. बेळगाव आणि चिक्कोडी या दोन शैक्षणिक जिल्ह्यांची तुलना करणाऱ्यांनीही आधी पाया विचारावा, मग फटाके उडवावेत.

वर्गात मात्र हे उलट्या क्रमाने शिकवलं जातं. आधी सूत्र, मग दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर. अंदाज आधी बांधला तर ६६ च्या जागी ६.६ लिहिणारा मुलगा स्वतःच थबकेल.

बारावीचं गणित त्यामानाने सोपं. ६०० चे ३३ टक्के सरळ १९८. सहाही विषयांत तीस-तीस काढले तर १८०, वर १८ हवेत, पण ते कुठल्याही विषयातून आले तरी चालतात.