टोफूची पाटी आणि भाषा समिती



अमेरिकेत मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या एका व्हेगन गृहस्थांनी गाडीच्या नंबरप्लेटवर नंबराऐवजी 'लव्ह टोफू' असं घेतलं होतं. तिकडे जादा फी भरली की आपल्या आवडीची अक्षरं मिळतात. (आपल्याकडे हे चालत नाही, तरी ४१४१ चं 'दादा' करणारे आहेतच!) सरकारने ती पाटी रद्द केली. का, तर इंग्रजी अक्षरं सलग येतात आणि शेवटची 'एफ' आणि 'यू' सुटी वाचली की घाण शिवी होते. गाडीच्या मागे टोफूचे स्टिकर होते, तरी उपयोग झाला नाही. कोलोरॅडोतही २००९ मध्ये टोफूवरच्या अशाच पाटीला नकार मिळाला होता.

मला आधी हसू आलं, मग राग आला. जीवदया पाळणाऱ्या माणसाची पाटी आणि तीच अश्लील ठरली!

पण दुसरी बाजूही बघू. मेनमध्ये २०१५ पासून पाट्या तपासणं जवळजवळ बंदच केलं होतं. मग रस्त्यावर उघड शिव्या फिरायला लागल्या. म्हणून २०२१ मध्ये कायदा करावा लागला. सिग्नलला शेजारच्या गाडीत लहान मूल बसलेलं असतं. त्याने काय वाचायचं?

पाटीवरची वाणी नक्की कुणाची, हा खरा वाद आहे. न्यू हॅम्पशायरच्या पाटीवर 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा' असं राज्याचं ब्रीद असतं. एका दांपत्याला ते त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेविरुद्ध वाटलं म्हणून त्यांनी ते झाकलं. नवऱ्याने पंधरा दिवस तुरुंग भोगला. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, नागरिकाला सरकारचं वाक्य मिरवायची सक्ती करता येणार नाही. आणि २०१५ मध्ये त्याच कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की टेक्सासने गुलामी टिकवणाऱ्यांच्या झेंड्याची पाटी नाकारली ते योग्यच, कारण खास पाट्यांवरची चित्रं ही सरकारची वाणी. माझ्या कॉमर्सच्या डोक्याला हे जॉइंट खातं वाटतं: पत्रा सरकारचा, फी आपली, सही दोघांची. नुसत्या अक्षरांबाबत मात्र एकमत नाही. कॅलिफोर्नियात २०२० मध्ये ती मालकाची वाणी धरली, टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सरकारची.

मला वाटतं, उघड शिवी सरकारने काढावीच. पण जिथे दोन अर्थ निघतात तिथे भाव बघायला हवा. वैद्याच्या हातून रोगी दगावला तर आपण त्याला खुनी म्हणत नाही. भाषा समिती आपल्याला हित, मित, प्रिय बोलायला सांगते, पण ती ज्याची त्याने पाळायची असते. त्या गृहस्थांच्या जागी मी असते, तर लोक काय वाचतात हे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी पाटी बदलली असती. पण मी स्वतः बदलली असती. हिसकावून घेतली तर त्यात संयम कुठला? (त्यांनी पुढे 'व्हेगन' अशी पाटी घेतली, मधल्या ई ऐवजी ३ घालून.)

हे सगळं मी इतकं मनावर का घेतलं, तर न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीने नवी गाडी घेतली आणि पाटीवर 'स्वस्तिक' लिहावं का म्हणून फोन केला. आपण देवापुढे तांदळाचा स्वस्तिक काढतो, चार गती मनात आणतो. तिच्या शेजारी एक ज्यू आजी राहतात. त्यांना तो शब्द वाचून काय आठवेल? त्यांचं दुःख खरं आहे आणि आपला भावही खरा आहे. सरकारने तो शब्द नाकारला तर मी नक्की भांडेन. पण भाचीला म्हटलं, "अगं, त्या आजींना आधी घरी बोलाव, पाटावरचा स्वस्तिक दाखव, मग ठरव." त्या येऊन गेल्या. उपम्याची कृती लिहून घेऊन गेल्या म्हणे. गाडीला अजून साधाच नंबर आहे.