टर्बोचा डबा

आपण ऑफिसला डबा नेतो, तसा मी यंदा माझ्या गाडीलाही डबा दिला. हसू नका! या डब्याला गाडीवाल्यांच्या भाषेत ऑइल कॅच कॅन म्हणतात. आणि तो लावताना मी जी माती खाल्ली, ती पुण्यात नाही, थेट उमरीत उघडकीला आली.

उमरी म्हणजे आमचं गाव. नांदेडहून निजामाबादकडे जाणाऱ्या रेल्वेलाइनवर, मुदखेडच्या पुढे. पुण्यापासून पाचशेच्या आसपास किलोमीटर. वर्षभर सिग्नलला रांगणाऱ्या माझ्या टर्बो-पेट्रोलला पळायला मिळतं ते दिवाळीतच. टर्बो-पेट्रोल ही एकेकाळी शौकिनांची चीज होती. आपल्या मराठवाड्यातच, शेंद्र्याच्या कारखान्यात 2001 पासून स्कोडाच्या गाड्या तयार होऊ लागल्या आणि पुढे ऑक्टाविया आरएसने अनेकांची झोप उडवली. आज मात्र ईएमआयवाल्या छोट्या गाडीतही टर्बो असतो.

तर डबा कशासाठी? इंजिनात पेट्रोल जळतं तेव्हा थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांमधून खाली निसटतो. हा ब्लो-बाय. जुन्या काळी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. त्याने हवा खराब होते म्हणून कॅलिफोर्नियात 1961 च्या मॉडेलपासून तो परत इंजिनात नेऊन जाळायची सोय आली, तिचं नाव पीसीव्ही. आयडिया झकास! पण या गॅससोबत ऑइलची वाफही जाते. टर्बोमुळे सिलिंडरमधलं प्रेशर वाढतं, तसा ब्लो-बायही वाढतो. मग टर्बोच्या पाइपात, इंटरकूलरमध्ये ऑइलचा थर बसतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह धुतलेच जात नाहीत. त्यांच्यावर काळी खरवड साचत जाते.

कॅच कॅन बसतो या वाटेच्या मधोमध. इंजिनातून आलेला गॅस डब्यात शिरतो, आतल्या जाळीवर आपटतो, ऑइलचे थेंब खाली पडतात आणि उरलेला गॅस टर्बोच्या तोंडाशी जातो. बस्स, चहाच्या गाळणीइतकं सोपं.

सोपं वाटलं म्हणूनच घोळ झाला! डबा चांगला घेतला, पण नळीत काटकसर केली. हार्डवेअरच्या दुकानातली पारदर्शक प्लास्टिकची नळी, दोन क्लॅम्प, शनिवारची दुपार, पार्किंगमध्ये काम फत्ते. सोसायटीतल्या दोघांना बॉनेट उघडून दाखवूनही झालं.

उमरीत पोचलो तेव्हा बॉनेटमधून जळक्या ऑइलचा वास येत होता. इंजिन आयडलला हुंदके देत होतं आणि डिपस्टिक आपली जागा सोडून बोटभर वर आली होती. सणाच्या दिवशी गॅरेज कुठलं उघडं असणार? शेवटी रोज ट्रॅक्टर उघडणाऱ्या एका मिस्त्रीमामांना घरून बोलावून आणलं. त्यांनी लॅपटॉप लावला नाही, स्कॅनर लावला नाही. नळीवरून नुसता हात फिरवला.

"कामून रे भैय्या, ही पाण्याची नळी इथं कामून लावलास?"

गरम ऑइलने नळी मऊ पडली होती आणि वळणावर चक्क चिमटली होती. इंजिनचा श्वासच कोंडला होता.

"कुकरची शिट्टी दाबून धरलास तर वाफ काय गप बसती का? जिथं कच्चं सील दिसंल तिथून ती निघती."

म्हणजे टर्बो वाचवायच्या नादात मी इंजिनची सीलं पणाला लावली होती. ट्रॅक्टरच्या पार्ट्सच्या दुकानदाराला विनवून जाड, ऑइल-प्रूफ रबरी होज मिळवली. मामांनी डबा एक्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब सरकवला, नळीचा उतार डब्याकडे ठेवला आणि मग डबा उघडला. आत दोन चमचे काहीतरी, दुधाळ कॉफीच्या रंगाचं.

"रोज गाडी किती चालती?"

"ऑफिसपर्यंत. सहा किलोमीटर."

"मग इंजिन तापणार कधी? हे निम्मं पाणीच हाय."

माझी बोलतीच बंद. इंजिन पुरतं तापलं नाही तर आतलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही, ऑइलमध्येच फेटलं जातं. म्हणजे मी ज्याला टर्बोचा आजार समजत होतो, त्यात माझ्या छोट्या छोट्या फेऱ्यांचाही वाटा होता. डबा हे औषध नाही, तो रिपोर्ट आहे. वाचायचा आपण!

तुम्हालाही लावायचाच असेल तर एवढं पाळा :

- नळी ऑइल आणि उष्णता सहन करणारीच घ्या. डब्यापेक्षा तिच्यावर जास्त खर्च झाला तरी चालेल.
- डब्यातून निघणारी नळी परत इनटेकलाच जोडा. हवेत मोकळी सोडली की प्रदूषण, शिवाय मोजमाप चुकल्याने इंजिनही कुरकुरतं.
- सुरुवातीला दर हजार किलोमीटरला डबा उघडून बघा. अचानक जास्त ऑइल दिसलं तर खूश होऊ नका, रिंग किंवा पीसीव्ही तपासून घ्या.
- त्यातला माल इंजिनात परत ओतू नका, गटारात तर नाहीच. गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या ड्रममध्ये द्या.
- वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. गाडीतल्या फेरफारांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधनं आहेत, तेही तपासा.

आणि हो, आठवड्यातून एकदा गाडीला तासभर मोकळ्या रस्त्यावर न्या. मिस्त्रीमामांनी मजुरी म्हणून फराळाचं ताट तेवढं घेतलं. निघताना म्हणाले, "भैय्या, यंत्र बोलतंय रे. तू आधी गाणी बंद कर."

परतीच्या पाचशे किलोमीटरमध्ये मी स्टिरिओ लावलाच नाही.