बिननशेच्या फुलाची भुरळ

वागळे इस्टेटमध्ये दिवस आणि रात्र यांतला फरक आता पुसट झाला आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत म्हणून १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या भागात एके काळी भोंग्यावर पाळ्या बदलत. आज अनेक जुन्या कारखान्यांच्या जागी आयटी पार्क उभे आहेत आणि तिथली बरीच कामे साता समुद्रापलीकडच्या ग्राहकांच्या घड्याळावर चालतात. संध्याकाळी कामावर बसायचे, पहाटे उठायचे, मग कल्याण-डोंबिवलीची लोकल किंवा घोडबंदरचा रस्ता धरायचा. रात्री दोनच्या सुमारास डोळे जड होतात, चुका होऊ लागतात, तेव्हा टपरीवरच्या कटिंगचाही उपयोग होत नाही. डोके शांत राहील, लक्ष लागेल आणि नशाही होणार नाही, असे काहीतरी हवे असते.

नेमक्या याच गरजेवर बोट ठेवून सध्या जगभर एक माल विकला जातो: ‘हेम्प फ्लॉवर’. मोबाइलवर त्याच्या जाहिराती सहज दिसतात. ‘नैसर्गिक’, ‘नशामुक्त’, ‘शांत एकाग्रतेसाठी’ हे त्यातले ठरलेले शब्द. परदेशात कायदेशीर असलेली ही वस्तू सहलीहून येताना आणली किंवा कुरिअरने मागवली तर काय बिघडले, असा प्रश्न तरुणांना पडतो. बिघडते ते दोन ठिकाणी: शरीरात आणि कायद्यात.

झाड एकच

आधी नावांचा गोंधळ दूर करायला हवा. ‘हेम्प’ म्हणजे ताग किंवा अंबाडी असे अनेकांना वाटते. इंग्रजीत त्या वनस्पतींच्या नावातही ‘हेम्प’ येते, पण त्यांचा इथे संबंध नाही. इथे प्रश्न आहे तो भांगेच्या झाडाचा. त्याच्या पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. ‘हेम्प फ्लॉवर’ हा त्याच झाडाचा फुलोरा. फरक असतो तो रसायनांच्या प्रमाणात.

या झाडात शंभराहून अधिक ‘कॅनाबिनॉइड’ रसायने सापडतात. त्यातली दोन महत्त्वाची. टीएचसी नशा आणते; मेंदूतील स्मरण आणि लक्ष यांच्याशी निगडित केंद्रांवर ते थेट काम करते. दुसरे सीबीडी, ते त्या पद्धतीने नशा आणत नाही. अमेरिकेने २०१८ च्या कृषी कायद्यात वाळलेल्या वजनाच्या ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला ‘हेम्प’ म्हटले. स्वित्झर्लंडमध्ये हीच मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे ‘बिननशेचे फूल’ ही निसर्गातली वेगळी जात नव्हे. त्या त्या देशाने आखलेली ती रेघ आहे.

ही रेघ किती पुसट आहे, हे साध्या हिशेबाने कळते. एक ग्रॅम फुलात ०.३ टक्के म्हणजे ३ मिलिग्रॅम टीएचसी. केमोथेरपीतील उलट्यांवर किंवा एड्सच्या रुग्णांची भूक वाढावी म्हणून परदेशात टीएचसीचीच जी कॅप्सूल देतात, तिची सर्वांत लहान मात्रा २.५ मिलिग्रॅम असते. धूर ओढताना सगळे रसायन शरीरात जात नाही, हे खरे. पण ‘शून्य’ आणि ‘थोडे’ यांतला फरक पाकिटावरच्या ‘नशामुक्त’ या शब्दात बुडून जातो.

याहून मोठी पळवाट उष्णतेत आहे. ताज्या फुलात टीएचसी बहुतांशी आम्लरूपात, म्हणजे टीएचसीए म्हणून असते. या रूपात ते नशा आणत नाही. काडी लावली की त्याचेच टीएचसी होते. अमेरिकेत ही पळवाट वापरून नशेचा माल ‘हेम्प’च्या नावाने सर्रास विकला गेला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथे कायदा बदलला. यापुढे एकूण टीएचसी मोजले जाईल. त्या तरतुदीला वर्षभराची मुदत आहे.

शांत होणे आणि लक्ष लागणे

मग सीबीडीचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि तो नीट सिद्ध झालेला आहे. लहान मुलांमधील लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्राव्हे या अपस्माराच्या अवघड प्रकारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला अमेरिकी औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. सीबीडीचे व्यसन लागत असल्याचे पुरावे नाहीत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीही त्याच वर्षी नोंदवले.

चिंतेवरचे प्रयोग मात्र छोटे आहेत. ब्राझीलमधील संशोधकांनी काही स्वयंसेवकांना सीबीडी देऊन भाषण करायला लावले. ३०० मिलिग्रॅमच्या एका मात्रेने धास्ती कमी झाली. १५० ने नाही आणि ६०० नेही नाही. जास्त घेतले की जास्त फायदा, हे गणित इथे चालत नाही. उलट ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये निरोगी प्रौढांनी दिवसाला १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीबीडी घेऊ नये, असा सल्ला दिला. ज्या मात्रेत परिणाम दिसला आणि जी मात्रा रोजच्या वापराला सुरक्षित मानली, त्यांत तीस पटींचे अंतर आहे.

शिवाय भाषणाची धास्ती कमी होणे वेगळे आणि पाच तास पडद्यावरच्या आकड्यांत चूक न होणे वेगळे. निरोगी माणसाची एकाग्रता सीबीडीने वाढते, असे सांगणारा भक्कम पुरावा नाही. अपस्मारावरच्या औषधाच्या दुष्परिणामांत झोपाळूपणा ठळकपणे येतो. ज्याला जागे राहायचे आहे, त्याच्यासाठी हे उलटेच. यंत्रावर काम करणाऱ्यासाठी किंवा पहाटे दुचाकी चालवणाऱ्यासाठी तर ते धोक्याचे.

आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. सीबीडीचा निचरा यकृतात होतो आणि इतर अनेक औषधांचाही. रक्त पातळ करणारे वॉरफेरिन किंवा फिट्सवरचे क्लोबाझाम यांची रक्तातली पातळी त्यामुळे वाढू शकते. व्हॅल्प्रोएटसोबत घेतल्यास यकृताला इजा होण्याचा धोका वाढतो. ‘नैसर्गिक आहे, डॉक्टरांना काय सांगायचे?’ ही सवय इथे महागात पडते.

पाकिटावर लिहिलेले तरी खरे असते का? अमेरिकेतील संशोधकांनी ऑनलाइन मिळणारी सीबीडीची ८४ उत्पादने तपासली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार जेमतेम ३१ टक्क्यांवरील सीबीडीचे प्रमाण बरोबर होते आणि १८ उत्पादनांत टीएचसी सापडले. नोकरीपूर्वीच्या लघवी तपासणीत हेच टीएचसी दिसते. ‘मी बिननशेचे घेतले होते’ हे खुलासापत्र तिथे कामाला येत नाही.

कायदा फूल पाहतो, टक्के नाही

भारतातील अमली पदार्थविरोधी कायद्यात (एनडीपीएस, १९८५) गांजाची व्याख्या आहे: भांगेच्या झाडाचे फुलोरे किंवा फळे धरलेले शेंडे, मग त्यांना कोणत्याही नावाने ओळखले जावो. शेंड्यांविना असलेल्या बिया आणि पाने या व्याख्येतून वगळली आहेत. टीएचसी किती टक्के हा प्रश्न या व्याख्येत येतच नाही. त्यामुळे दुकानात ‘हेम्प’ म्हणून घेतलेले फूल विमानतळावर उतरताच ‘गांजा’ होते. एक किलोपर्यंतची मात्रा कायद्याच्या भाषेत अल्प असली, तरी त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या सेवनासाठीही सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

थायलंडची सहल आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आहे. तिथे जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला आणि जून २०२५ मध्ये फुलांसाठी पुन्हा डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची झाली. बँकॉकहून येणाऱ्यांकडून मुंबई विमानतळावर गांजा जप्त झाल्याच्या बातम्या वारंवार येत असतात. त्यातले बरेचसे तस्करीचे प्रकार असतात; पण चार ग्रॅमची पुडी ‘आठवण’ म्हणून आणणाऱ्यालाही कायदा तोच.

भारतात या झाडाचे काय चालते, हेही पाहायला हवे. उत्तराखंडने २०१८ पासून कमी टीएचसीच्या झाडाच्या लागवडीला परवाने दिले, ते तंतू आणि बियांसाठी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. २०१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे हेम्प कंपनीसारखे उद्योग याच चौकटीत उभे राहिले. बियांत प्रथिने आणि चांगली स्निग्धाम्ले असतात. सीबीडी मात्र जवळपास नसते. बियांचे तेल पिऊन मन शांत होते असे कुणी सांगत असेल, तर तो जाहिरातीचा प्रभाव. आयुर्वेदातील ‘विजया’ म्हणजे भांग औषधी नियमांत विषारी द्रव्यांच्या यादीत आहे आणि तिची पोटातून घ्यायची औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यायची, असे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. उत्तरेत काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकाने दिसतात. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा विनापरवाना भांगही बाळगू देत नाही.

फुलोरा दिसला की गांजा, मग त्यातले रसायन काहीही असो, ही आपली व्याख्या विज्ञानाच्या मागे राहिली आहे, असा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारताने मत दिले. फिट्सने त्रस्त मुलांना शुद्ध, मोजलेल्या मात्रेचे औषध सहज मिळावे, भारतीय रुग्णांवर चाचण्या व्हाव्यात, यासाठी नियम सुटसुटीत व्हायलाच हवेत. पण त्या मुलांच्या नावाने एकाग्रतेची पाकिटे विकली जाऊ नयेत.

खरे दुखणे झोपेचे

लक्ष न लागण्याचे वागळे इस्टेटमधले सर्वांत साधे कारण जाहिरातीत कधीच येत नाही, कारण ते विकता येत नाही. सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया मंदावते ती साधारण ०.०५ टक्के मद्य रक्तात असल्याइतकी. आपल्याकडे वाहन चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. दुपारी बाराला उठून पाळीवर गेलेला तरुण पहाटे पाचला दुचाकी काढतो, तेव्हा थेंबही न घेता तो या रेषेपलीकडे असतो. त्यावर आणखी झोपाळू करणारे काही ओढणे हा उपाय कसा होईल?

करण्यासारखे बरेच आहे. पाळ्या दर दोन-तीन दिवसांनी उलटसुलट बदलू नयेत, हे व्यवस्थापनाने पाहावे. मध्यरात्री वीस मिनिटांची डुलकी घ्यायला जागा असावी. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच घ्यावी. घरी गेल्यावर खोली अंधारी आणि मोबाइल दूर असावा. महिन्यानंतरही लक्ष लागत नसेल, तर हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड तपासावे. घोरण्याचा त्रास असेल तर तो डॉक्टरांना सांगावा. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, तर ती अतिचंचलता (एडीएचडी) असू शकते आणि त्यावर मानसोपचारतज्ज्ञांकडे प्रभावी उपचार आहेत.

मदत लांब नाही. कामगार विमा योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटमध्येच आहे. १९०१ पासून चालत आलेले ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालयही जवळच आहे आणि तिथे जाणारा प्रत्येक जण ‘वेडा’ नसतो, हे आता तरी समजायला हवे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही मोफत सेवा रात्री दोनलाही सुरू असते. ज्यांना गांजाची सवय लागली आहे, त्यांनी स्वतःहून उपचार घेतल्यास याच कायद्याचे कलम ६४-अ त्यांना सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या खटल्यापासून संरक्षण देते. भीतीपोटी लपून बसण्यापेक्षा ही तरतूद माहीत असणे अधिक उपयोगाचे.